प्रश्नचिन्हांची वही
(संगणकातील माहिती बाहेर काढताना अक्षरे व विशेष चिन्हे कशी जपावीत : एक अभ्यासपाठ)

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत संगणकाविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. त्यामागे एक प्रसंग आहे आणि तो सांगितल्याशिवाय या पाठाचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. नोकरी सांभाळून तो शेअर बाजारात थोडे व्यवहार करतो आणि त्यासाठी लागणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट स्वतः लिहितो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञांची यादी. त्याचे वडील नगरपालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या रकमेतील काही भाग त्यांनी मुलाच्या हाती दिला, तो एका अटीवर : प्रत्येक खरेदी-विक्री का केली, हे त्याने त्याच दिवशी मराठीत लिहून ठेवायचे आणि वर्षअखेरीस ती वही वडिलांना दाखवायची. मुलाने अट प्रामाणिकपणे पाळली. व्यवहार झाला की तो पडद्यावरील चौकटीत दोन ओळी लिहीत असे आणि त्याची स्क्रिप्ट तारीख, भाव, संख्या व टिपण एका फाइलीत नोंदवीत असे. वर्षभराने त्याने ती फाइल उघडली. तारखा होत्या, भाव होते, संख्या होत्या. टिपणाच्या स्तंभात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत केवळ प्रश्नचिन्हे होती.

"सर, हे परत आणता येईल का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "मला यातले कळत नाही, पण आपण शोधू." आम्ही शोधले. त्या शोधातून जे समजले, ते या लेखात मांडत आहे. शेअर बाजाराशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही हा लेख वाचावा, अशी विनंती आहे. विद्यार्थ्यांची यादी, बचत गटाचा हिशोब, पतसंस्थेची खाती, वाचनालयाची नोंदवही हे सारे आता संगणकात असते आणि कधी ना कधी ते दुसऱ्या फाइलीत काढावेच लागते.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करतो. हा लेख बाजारात उतरण्याचे आवाहन नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्स या प्रकारात व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. आपल्या मुलांनी हे आकडे ध्यानात ठेवूनच त्या दिशेला पाहावे.

१. अक्षराचा अंक

संगणक अक्षर ओळखत नाही; तो अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि फाइलीत तो क्रमांक लिहिला जातो. अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाचे प्रमाणकोष्टक प्रसिद्ध झाले. त्यात १२८ संकेतांची सोय होती. रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे त्यात बसली. उदाहरणार्थ, & या चिन्हाचा क्रमांक ३८, स्वल्पविरामाचा ४४ आणि प्रश्नचिन्हाचा ६३.

जगातील इतर लिप्यांसाठी तेवढी जागा पुरेशी नव्हती. म्हणून निरनिराळ्या प्रदेशांसाठी २५६ संकेतांची निरनिराळी कोष्टके निघाली. त्यांना कोडपेज म्हणतात. विंडोज प्रणालीतील १२५२ क्रमांकाचे कोडपेज पश्चिम युरोपातील भाषांसाठी आहे. त्यात पौंडाला जागा आहे, युरोला जागा आहे. परंतु रुपयाच्या ₹ या चिन्हाला नाही आणि देवनागरीच्या एकाही अक्षराला नाही.

ही अडचण युनिकोडने दूर केली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कोणाशीही सामाईक नसलेला क्रमांक मिळतो. देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. 'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडने त्याला ८३७७ हा क्रमांक दिला.

एवढे मोठे क्रमांक फाइलीत लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतील सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेली यूटीएफ-८. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच अंक मावतो. म्हणून या पद्धतीत साधी रोमन अक्षरे एका बाइटमध्ये आणि देवनागरी अक्षरे तीन बाइटांमध्ये लिहिली जातात. 'म' साठी २२४, १६४, १७४ हे तीन अंक लिहिले जातात.

२. दोन प्रकारचे नुकसान

फाइलीतील मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा तो दोन अगदी भिन्न प्रकारांनी बिघडलेला असू शकतो. त्यांतील फरक ओळखणे हाच या पाठाचा गाभा आहे.

पहिला प्रकार वाचनातील चुकीचा. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेली असते. परंतु उघडणारा प्रोग्राम ती कोडपेज १२५२ प्रमाणे वाचतो. मग 'म' चे तीन अंक त्याला तीन स्वतंत्र चिन्हे वाटतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेले एक रोमन अक्षर, नंतर ¤ आणि नंतर ®. पडदा अशा विचित्र चिन्हांनी भरून जातो. पाहणारा घाबरतो. प्रत्यक्षात काहीही हरवलेले नसते. योग्य पद्धत निवडून फाइल पुन्हा उघडली की मराठी मजकूर जसाच्या तसा दिसतो.

दुसरा प्रकार लेखनातील चुकीचा. स्क्रिप्टला एखादे अक्षर लिहायचे आहे, परंतु तिला नेमून दिलेल्या कोडपेजमध्ये त्या अक्षराला जागाच नाही. अशा वेळी ती बहुधा थांबत नाही, तक्रार करीत नाही. त्या अक्षराच्या जागी ६३ हा क्रमांक, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहून पुढे जाते. 'म' गेला, 'क' गेला, ₹ गेला. तिघांच्याही जागी ६३. आता त्या ६३ वरून मूळ अक्षर कोणते होते, हे जगातील कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही.

इतिहासातील दाखला पाहू. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने सम्राट अशोकाचा एक स्तंभ टोपऱ्याहून दिल्लीस आणविला. त्यावरील लेख त्या काळी कोणालाही वाचता आला नाही. अक्षरे मात्र दगडावर शाबूत होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि तोच दगड बोलू लागला. हा पहिला प्रकार. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा केवळ एक तुकडा मिळाला. ज्या भागाचा दगडच राहिला नाही, त्यावरील अक्षरे लिपी जाणून वाचता येत नाहीत. हा दुसरा प्रकार. तरीही तो लेख आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, कारण त्याच्या प्रती गिरनार, कालसी येथेही कोरलेल्या आहेत. फाइलीचेही असेच आहे. लेखनात हरवलेले अक्षर परत मिळण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे मूळ मजकुराची दुसरी प्रत.

आमच्या विद्यार्थ्याकडे दुसरी प्रत नव्हती. टिपण चौकटीतून थेट फाइलीत जात होते. प्रत्येक वाक्यात किती संकेत होते, एवढेच प्रश्नचिन्हे मोजून सांगता येत होते.

३. स्क्रिप्टमध्ये नेमके काय होते?

उदाहरणादाखल मेटाट्रेडर ५ या व्यवहारप्रणालीतील एमक्यूएल ५ ही भाषा घेऊ. या भाषेत स्क्रिप्टच्या आतील सर्व मजकूर युनिकोडमध्येच असतो. त्यामुळे पडद्यावर मराठी नीट दिसते आणि सारे सुरळीत आहे असा समज होतो. फाइल उघडण्यासाठी 'फाइलओपन' नावाचे फंक्शन आहे. त्याला चार गोष्टी सांगता येतात : फाइलीचे नाव, ती कशी उघडायची याच्या खुणा, दोन स्तंभांमधील विभाजक चिन्ह आणि कोडपेज.

शेवटच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत असे बंधन नाही. न सांगितल्यास विभाजक म्हणून टॅब धरला जातो आणि कोडपेज म्हणून त्या संगणकावरील विंडोजचे चालू कोडपेज धरले जाते. फाइल एकबाइटी मजकुराच्या, म्हणजे 'आन्सी' या खुणेने उघडली असेल आणि संगणकाचे चालू कोडपेज १२५२ असेल, तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होणे अटळ आहे. त्याच ठिकाणी कोडपेज म्हणून यूटीएफ-८ चा स्थिरांक लिहिला की सर्व अक्षरे सुखरूप फाइलीत पोहोचतात. स्क्रिप्टच्या एका ओळीतील एका शब्दाचा हा फरक आहे.

दोष भाषेचा नाही. आपण जे स्पष्ट सांगत नाही, ते यंत्र आपल्या सोयीने नव्हे तर त्याला दिलेल्या ठरावीक रीतीने करते.

४. विभाजक चिन्हांचा गोंधळ

अक्षरे वाचली तरी दुसरी अडचण उरते. माहिती बाहेर काढण्यासाठी सीएसव्ही हा प्रकार सर्वाधिक वापरला जातो. त्यात एका ओळीत एक नोंद असते आणि दोन स्तंभांच्या मध्ये स्वल्पविराम असतो. आता रक्कम आपल्या पद्धतीने 1,25,000 अशी लिहिली तर काय होईल? वाचणाऱ्या प्रोग्रामला ते तीन स्तंभ वाटतील : 1, 25 आणि 000. त्यापुढील सर्व स्तंभ दोन घरे सरकतील. एका स्तंभाच्या जागी दुसऱ्याच स्तंभातील मजकूर येईल.

यासाठी ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात साधे नियम दिले आहेत. स्तंभातील मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तर तो संपूर्ण मजकूर दुहेरी अवतरणांत ठेवावा. मजकुराच्या आत अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहावे. उदाहरणार्थ, मूळ मजकूर असा आहे :

आचाऱ्यांना "पोच" घेऊन ₹1,25,000 दिले

तो फाइलीत असा गेला पाहिजे :

"आचाऱ्यांना ""पोच"" घेऊन ₹1,25,000 दिले"

एमक्यूएल ५ मधील 'फाइलराइट' दोन स्तंभांमध्ये विभाजक घालते. मजकुराभोवती अवतरणे घालण्याचे काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे आहे. आधी आतील प्रत्येक अवतरण दुप्पट करावे आणि मग बाहेरची दोन अवतरणे लावावीत. हा क्रम उलटा केला तर बाहेरची अवतरणेही दुप्पट होतात. ज्या स्तंभावर पुढे गणित करावयाचे आहे, त्यातील रक्कम स्वल्पविरामाशिवाय आणि ₹ शिवाय 125000 अशीच लिहावी. चलन कोणते, हे स्तंभाच्या मथळ्यात सांगावे.

५. एकच चिन्ह, ठिकाणागणिक अर्थ

काही चिन्हे एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी अडचणीची असतात. राष्ट्रीय शेअर बाजारात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीचे संकेतनाव 'एम', & आणि 'एम' असे आहे. सीएसव्ही फाइलीत & ला काही अर्थ नाही; ते निर्धास्त लिहावे. परंतु हेच नाव इंटरनेटच्या पत्त्यातून पाठवले तर तेथे & चा अर्थ 'पुढील घटक सुरू' असा होतो आणि पलीकडच्या यंत्राला केवळ पहिला 'एम' पोहोचतो. म्हणून पत्त्यात & ऐवजी %26 लिहितात. आस्कीतील ३८ हा क्रमांक षोडशमान पद्धतीत २६ होतो, एवढाच त्याचा अर्थ.

फाइलीच्या नावाची गोष्ट वेगळी आहे. विंडोजमध्ये \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे फाइलीच्या नावात चालत नाहीत. दोन चलनांची जोडी तिरक्या रेघेने लिहिलेली असेल किंवा वेळ 10:30 अशी लिहिलेली असेल, तर ती जशीच्या तशी फाइलीच्या नावात घालता येणार नाही; तेथे साधी आडवी रेघ वापरावी. एमक्यूएल ५ किंवा अमिब्रोकरची एएफएल यांसारख्या भाषांत मजकुरातील \ हे चिन्ह विशेष आज्ञेसाठी राखीव असते, म्हणून ते प्रत्यक्ष हवे असेल तेव्हा \\ असे दोनदा लिहावे लागते. मजकुराचा साचा देताना % चेही तसेच. शेकड्याचे चिन्ह हवे असल्यास %% लिहावे.

यावरून एक नियम निघतो. चिन्हे सरसकट काढून टाकू नयेत. माहिती कोठे चालली आहे हे पाहावे आणि त्या ठिकाणच्या नियमाप्रमाणे त्यांना रूप द्यावे. मूळ माहितीत मात्र चिन्ह जसेच्या तसे राहू द्यावे.

६. मराठीची खास काळजी

'अदृश्य चिन्हे काढून माहिती स्वच्छ करा' असा सल्ला अनेकदा दिला जातो. मराठीसाठी तो घातक ठरू शकतो. आपल्या भाषेत 'ऱ्य' आणि 'र्य' हे दोन वेगळे उच्चार आहेत. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना.

हा 'ऱ्य' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साध्या 'र' च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पण 'आचाऱ्यांना' हा शब्द पहिल्या प्रकाराने १० संकेतांचा आणि दुसऱ्या प्रकाराने ११ संकेतांचा होतो. त्यामुळे एका रूपात शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. आणि दुसऱ्या प्रकारातील अदृश्य चिन्ह 'स्वच्छता' म्हणून काढले की 'आचाऱ्यांना' चे 'आचार्यांना' होते. निवासी शाळेच्या मानधनपत्रकात असे घडले, तर स्वयंपाकघरातील रक्कम व्याख्यात्यांच्या नावावर लागायची! माहिती बाहेर काढण्यापूर्वी सर्व नोंदींत 'ऱ' चे एकच रूप करून घ्यावे, हा यावरील उपाय आहे.

आणखी दोन सूचना. गणिताच्या स्तंभात 0 ते 9 हेच अंक वापरावेत. देवनागरी अंकांना अनेक प्रोग्राम संख्या न मानता मजकूर मानतात. तसेच टिपणाची लांबी बाइटांत मर्यादित असेल तर देवनागरी मजकूर तिप्पट जागा घेतो, हे ध्यानात ठेवावे. १० संकेतांच्या 'आचाऱ्यांना' या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट लागतात. मर्यादा अक्षराच्या मध्येच आली तर शेवटचे अक्षर फुटते.

७. पडताळणी

आता प्रत्यक्ष कृती. कोणतीही नवी स्क्रिप्ट किंवा नवा प्रोग्राम कामाला लावण्यापूर्वी वर दिलेली आचारी-पोच-रुपये ही एक ओळ त्यात भरावी. त्या एका ओळीत देवनागरी, 'ऱ', ₹, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह या पाचही गोष्टी आहेत. हवे तर & सुद्धा घालावे. ती ओळ फाइलीत काढावी, फाइल बंद करावी, पुन्हा उघडावी आणि मूळ ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. या कामाला पाच मिनिटे लागतात.

फाइल उघडतानाही सावधगिरी हवी. यूटीएफ-८ मधील सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली तर ती पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने वाचली जाते. अशा वेळी 'डेटा' विभागातून फाइल आयात करावी आणि पद्धत म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावी. विचित्र चिन्हे दिसत असताना 'सेव्ह' कधीही करू नये. तसे केले तर जी चूक केवळ वाचनात होती, ती फाइलीत कायमची लिहिली जाते.

आणि अखेरची गोष्ट, मूळ प्रत. बाहेर काढलेली फाइल हीच एकमेव नोंद असू नये.

उपसंहार

आमच्या विद्यार्थ्याची टिपणे परत आली नाहीत. दलालाकडून मिळालेल्या पावत्यांवरून भाव आणि संख्या पुन्हा जुळवता आल्या असत्या; पण त्या तर फाइलीत होत्याच. वडिलांना त्याने घडले ते सांगितले. ते म्हणाले, "आकडे मला बँकसुद्धा दाखवते रे. तू काय विचार केलास, ते मला बघायचं होतं." मुलाने आठवेल तेवढे पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न केला. अलीकडच्या दोन महिन्यांचे जमले, आधीचे आठवेना. आता त्याच्या स्क्रिप्टमध्ये कोडपेज स्पष्ट लिहिलेले आहे आणि दर शनिवारी तो टिपणांची छापील प्रत काढून वडिलांच्या हाती देतो.

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकातून काढण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही प्रथम आचाऱ्यांची ओळ घालून पाहिली आणि मगच यादी काढली. वऱ्हाडे, कुऱ्हाडे अशी आडनावे मूळ प्रवेश-नोंदवहीशी एकेक करून ताडली. तरीही कोणाच्या नावात चूक राहिली असल्यास शाळेच्या कार्यालयास अवश्य कळवावे. नोंदवही कपाटात सुरक्षित आहे. तिच्यावरून नाव दुरुस्त करता येईल.